चौकटीवरचं पिवळं बोट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नसरापूरला गुंजवण्याच्या एसटीची वाट पाहत उभा होतो. यमुनाकाकूंना, माझ्या चुलतीला, भोरला डॉक्टरकडे आणायला निघालो होतो. "आता घाई नका करू, भाऊजी," वहिनी, काकूंची सून, म्हणाली आणि रडायला लागली. महिना होऊन गेला, तरी ते शब्द कानातून जात नाहीत. घाई करायची ती आधी करायला हवी होती...

काकूंनी परड्यात एकाच मांडवावर पॅशनफ्रूटचे दोन वेल चढवले होते. दोन कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "घरातल्या घरात सोयरीक चालती व्हय? ह्याचं त्याला लागाया पायजे." ही सोयरीक जमवायचे काळे भुंगे. मांडवाच्या पांगाऱ्याच्या खांबात गोल भोकं पाडून ते राहायचे आणि दुपारी फुलं उमलली की पाठीला पिवळं फासून या वेलावरून त्या वेलावर घुमत फिरायचे. पानांच्या देठाशी गोड थेंब असतो, त्यावर मुंग्यांची रांग. मी पावडर मारायला निघालो तर काकूंनी हात धरला. "राखणीला हायेत त्या. अळ्यांना टिकू देत न्हाईत."

मी पडलो शिकलेला. दोन वर्षांपूर्वी कुणाला न विचारता तो पोखरलेला खांब काढला, लोखंडी पाइप उभा केला आणि खांब तोडून बंबात घातला. काकू येऊन बंबाकडे बघत राहिल्या. "घरं व्हती रं त्यांची," एवढंच म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर फुलं यायची आणि गळायची. मग भुंग्यांचं काम काकूंनी अंगावर घेतलं. रोज दुपारी या वेलाचं पिवळं बोटावर घेऊन त्या वेलाच्या फुलाला लावायचं आणि घरात येताना बोट चौकटीला पुसायचं. तो डाग मला हळदीचा वाटायचा. खरं काय ते वहिनीने दहाव्याला सांगितलं.

काकूंच्या छातीत दुखतंय म्हणून मी डॉक्टरकडे बोलावलं, तर त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "एका दिसाचं फूल, बाबा. भुंगं न्हाईत, मग कोन करील? आठ दिस जाऊ दे." मी हसलो. काकू वेलापायी अडून बसल्यात, असं बायकोला गमतीनं सांगितलंसुद्धा. आणि आठ दिवस थांबलो.

परवा गेलो होतो. मांडवाला फळं लगडली आहेत, सगळी त्यांच्या बोटाची. नंतरची फुलं तेवढी सुकून खाली पडलीत. फळ पिकलं की आपणहून गळतं. ओसरीवर बसलं की परड्यात धप्प आवाज येतो आणि वहिनी आणि मी बोलता बोलता थांबतो. वहिनीने एक कापून पुढे ठेवलं, मला खाववलं नाही.

निघताना चौकटीपाशी थांबलो. पिवळा डाग तसाच आहे. त्याच्या शेजारी लाकडात एक ताजं गोल भोक, उंबऱ्यावर भुसा.

"सिमेंट भरून बुजवू का, भाऊजी?" वहिनीने विचारलं. "चौकट जाईल."

मी लाकडाला कान लावला. आत घुमत होतं.

"नगं," मी म्हणालो, "घर हाय ते."