आर्डिस गप्प राहिली तो उन्हाळा

आर्डिस कुचेराच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे नेब्रास्कातल्या त्या गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गाय व्याली, कुणी केस रंगवले, बातमी आधी आर्डिसकडे येई आणि मग गावात जाई. यात काही गैर आहे असं तिला वाटत नसे. "मी चहाड्या करत नाही," ती म्हणे, "मी फक्त कळवते."

शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली आणि तिचा सगळा जोर घराण्यावर आला. दर जुलैत गावच्या पार्कात कुचेरांचा मेळावा भरे, तो तिच्याच हुकमाने. चेक देशातल्या बोहेमियातून आलेल्या आजोबांना सहा मुलं, म्हणून टीशर्टचे रंगही सहा. आर्डिसच्या घरचा लाल, एमिलकाकाच्या घरचा पिवळा. पाहुण्यांना पांढरा. शिवाय प्रत्येकाने आपल्या प्लास्टिकच्या पेल्यावर मार्करने नाव लिहायचं आणि दिवसभर तोच वापरायचा. दुसरा पेला मागणाऱ्याकडे ती अशी बघे की त्याची तहानच मरे.

पिवळ्यांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असे. एमिलकाकाचा थोरला, लीरॉय, तरुणपणीच ट्रकसकट नदीत गेला होता. त्याच्या आईने, सोल्वेगकाकूने, त्या खुर्चीवर पिवळा टीशर्ट घालायची पद्धत पाडली. काकूमागे आर्डिस दरवर्षी तो टीशर्ट धुऊन, इस्त्री करून आणी.

बोहेमियात मागे राहिलेले नातेवाईक सापडावेत म्हणून तिने एकदा नळीत थुंकून ती डीएनए तपासायला पाठवली आणि आलेला निकाल एका वेबसाइटवर चढवला. पोलिसांनाही बघू द्यायचं का, असं तिथे विचारलं होतं. "बघू देत की. आमच्यात लपवण्यासारखं आहे काय?" म्हणत तिने हो केलं.

जूनमध्ये फोन आला. "मी रूबेन ओर्तीझ. तुमच्या डीएनएशी जवळून जुळणारा एक माणूस सापडलाय."

"अगं बाई! कुणाच्या घरचे तुम्ही? जुलैत या हं. येताना काहीतरी करून आणा. बटाट्याचं सॅलड नको, ते निम्मी माणसं आणतात."

"मॅडम, मी पोलीस आहे."

ओर्तीझ घरी आला. तिने केलेले जर्दाळू भरलेले दोन गोड पाव, कोलाचे, त्याने खाल्ले आणि मग सांगितलं. एकोणऐंशी साली हायवेवरच्या खानावळीत काम करणाऱ्या डॉना स्टॅन्सबेरीला कुणीतरी नदीकाठी मारून टाकलं होतं. तिच्या स्वेटरवर मारणाऱ्याचंही रक्त होतं. ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, पण ते कुणाचं हे कळत नव्हतं.

डॉना म्हटल्यावर आर्डिस खुर्चीतच सावरून बसली. डॉनाची आई हेझल आता नव्वदीच्या पुढे होती, वृद्धाश्रमात होती, आणि आर्डिस दर गुरुवारी तिच्याशी पत्ते खेळत असे.

"तो तुमचा सख्खा चुलतभाऊ असावा," ओर्तीझ म्हणाला. "बाप कुचेरा. आई नॉर्वेकडची."

कॉफी ओतता ओतता आर्डिसचा हात थांबला. सगळ्या घराण्यात नॉर्वेकडची एकच, सोल्वेगकाकू. पिवळा रंग. लीरॉय तर गेलेला. राहिले दोघं, गेलन आणि ड्वाइट.

"हे कुणाशी बोलायचं नाही. त्याच्या कानावर गेलं तर तो पळेल, नाहीतर जीव देईल. मग डॉनाच्या म्हाताऱ्या आईला कोण काय सांगणार?"

"गप्प राहायला तुम्ही कुणाला सांगताय, याची चौकशी केलीत का गावात?"

"केली. म्हणूनच परत सांगतो. एक अक्षरही नाही."

गेलनने तिला पोल्का नाचायला शिकवलं होतं, तिच्या वडलांच्या शवपेटीला खांदा दिला होता. दरवर्षी मेळाव्याचं डुक्कर तोच भाजत असे. ड्वाइट जन्माचा कुरकुऱ्या, कुत्र्याला लाथ घालताना तिने त्याला पाहिलं होतं. तो ड्वाइट असू दे, असं ती रात्री मनात म्हणे, आणि मग तिला स्वतःचीच शिसारी येई.

आर्डिस बोलेनाशी झाली. गाव घाबरलं. शेजारणी सूप घेऊन येऊ लागल्या. "घसा दाखवलास का कुणाला?" वहिनी विचारू लागली. गुरुवारी हेझलसमोर बसलं की तिची मान वर होईना. तिला दुसरं काही सुचेना, म्हणून ती हेझलला जिंकू देऊ लागली.

मेळाव्याला ओर्तीझ पांढरा टीशर्ट घालून आला. "नातीचा मित्र का गं?" बायका आर्डिसला कोपराने ढोसत होत्या. "बरा आहे की! खातोही चांगलं." गेलनने भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी मुद्दाम त्याच्या ताटलीत वाढली.

"आर्डी, माझ्यावर रागावलीस का गं?" गेलनने विचारलं.

"धूर जातोय डोळ्यात," ती म्हणाली.

तेवढ्यात ड्वाइट आला. "कसला भिकार मार्कर आणलास? नाव पुसलं. दे दुसरा पेला."

आर्डिसने पेला बदलून दिला नाही. त्याच्या हातातून घेऊन त्यावर स्वतःच नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली. संध्याकाळी पार्कातल्या कचऱ्याच्या पिंपातून ओर्तीझने गेलन आणि ड्वाइट यांचे पेले तपासायला काढून नेले.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "दोघंही नाहीत."

आर्डिस स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. "म्हणजे सुटलो आम्ही?"

"मॅडम, ते दोघं त्याचे सख्खे भाऊ निघाले."

तिला कळायला वेळ लागला. मग डोळ्यांपुढे खुर्चीवरचा तो पिवळा टीशर्ट आला, एक्स्ट्रा लार्ज, कॉलरला तिच्याच इस्त्रीचा वास. मेलेल्या माणसावरही संशय घ्यायचा असतो हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. लीरॉयचं थडगं उघडलं, आणि जुळलं.

गेलन आला तो अंगणातच उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

"लीरॉय असेल हे नव्हतं माहीत. मला वाटलं तू असशील." तिने नाक ओढलं. "नाहीतर ड्वाइट."

गेलन पायरीवर बसून टोपी चुरगळू लागला. "ड्वाइटला हे सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"तू?" त्याला हसू आलं, आणि मग रडूच फुटलं. नाक पुसून त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी आम्ही यायचं का?"

"मग डुक्कर कोण भाजणार, मी? या. खुर्ची मात्र मी मांडणार नाही."

त्याने मान हलवली.

गुरुवारी ती वृद्धाश्रमाच्या दारातच घुटमळली. हेझलने पत्ते पिसून ठेवले होते.

"तो आमच्यातला होता, हेझल."

"कळलं. पोलीस येऊन गेले."

"आमच्यातला कुणीतरी आहे, हे मला जूनपासून माहीत होतं."

हेझलने चष्म्यावरून पाहिलं. "जूनपासून? आणि बोलली नाहीस? तू?" तिचे खांदे हलू लागले. ती हसली, खोकली, आणि मग तिने डोळ्यांना रुमाल लावला. आर्डिसने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला वाटलं तुला कॅन्सर झालाय," शेवटी हेझल म्हणाली. "इतकी गप्प! मी तुझ्यासाठी प्रार्थनासुद्धा केली." तिने रुमाल बाहीत खोचला. "आणि मुद्दाम हरत होतीस ना? मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

आर्डिस पत्त्यांकडे बघू लागली.

"बस. आणि आता नीट खेळ."

आर्डिस बसली, पानं उचलली. चांगली आली होती. तिने एकदा हेझलकडे पाहिलं आणि हुकमाचा एक्का टाकला.

"चेटकीण," हेझल म्हणाली आणि पुढचं पान शोधू लागली.