विहिरीपाशी मी काय सांगितलं

आमगाव स्टेशनवर गाडी हलली तेव्हा, सुमन, काकाचा हात सोडून तू खिडकीचा गज धरून फलाटावर पळत होतीस. आईनं पदरात तोंड लपवलं होतं. बाबा तेवढे समोर बघत होते. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता, अन् ठेकेदाराकडे त्यांना खलाशाचं, म्हणजे ओझी उचलायचं, काम लागलं होतं.

मजुरांच्या कॅम्पात आमच्या वाट्याला टिनाची खोली आली. रांगेच्या टोकाला एकच विहीर. शाळा हिंदीतून, मी वर्गात मुकाट बसायची. विज्ञानाच्या देवतळेबाई मात्र नागपूरकडच्या. रविवारी त्या कॅम्पातल्या पोरापोरींना कडुलिंबाखाली जमवून प्रयोग करायला लावत. तिथं पहिल्यांदा मला बोलावंसं वाटलं.

उन्हाळ्यात कॅम्पात हगवण सुरू झाली. माझी धाकटी बहीण शांता अंथरुणाला खिळली. ठेकेदारानं विहिरीच्या वरच्या अंगाला संडासाचे खड्डे खणले होते. बाईंनी माझ्याकडे लाल दवेची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, बाटली दिली; पाण्यात घाण असली की तिचा रंग उडतो. शाळेच्या नळाच्या पाण्यात तिचा गुलाबी रंग टिकला. विहिरीच्या पाण्यात विटून तपकिरी झाला.

"पुन्हा करून बघ," बाई म्हणाल्या. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी कारखान्याच्या इंजिनीयरसाहेबांना कळवलं.

दिवेलागणीला ठेकेदाराचा मुन्शी दारात आला. "लड़की को समझा दे. कल साहब पूछें तो बोले, कुछ नहीं देखा. नहीं तो तू भी काम पे मत आना."

तो गेल्यावर आई म्हणाली, "नाही म्हणून टाकू ना जी. लेकराले काय समजते?"

बाबा शांताकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "तुले काय दिसलं?"

"रंग उडला, बाबा."

"मंग तेच सांग."

सकाळी विहिरीपाशी साहेब आले, सगळा कॅम्प जमला. बाईंनी बाटली माझ्या हाती दिली अन् त्या मागे सरकल्या. एका ग्लासात नळाचं पाणी, एकात विहिरीचं; मी दोन्हींत थेंब टाकले. दोन्ही गुलाबी. तसेच राहिले.

मुन्शी हसला. "देखिए साहब, दोनों एक जैसे."

चुकलं माझं, असं म्हणून पळून जावंसं वाटलं. बाई हळूच म्हणाल्या, "थांब. घाई करू नको."

हळूहळू विहिरीच्या ग्लासातला रंग मळत गेला. साहेबांनी तो ग्लास उजेडात धरला.

"क्या हुआ, बेटी?"

"इस पानी में गंदगी है," मी म्हणाले. आवाज माझाच होता.

विहीर त्याच दिवशी बंद झाली, टँकर आला. शांता वाचली. बाबांचं काम मात्र गेलं.

आई म्हणाली, "चला, आमगावले जाऊ. आपली माणसं तरी हायेत तिथं."

"अन् इचा वर्ग?" बाबा म्हणाले. "बाई येतील का आमगावले?"

ते कित्येक महिने दुर्ग स्टेशनवर ओझी वाहत राहिले. कारखान्यात लागले ते फार नंतर. मी रसायनशास्त्र शिकले, तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी केली. आता रविवारी इथल्या जुनवानी वस्तीची पोरं माझ्या ओसरीत प्रयोग करतात. मराठीत सुरू करतात, हिंदीत भांडतात.

तू अजून विचारतेस, आपलं घर आमगावात असताना तुम्ही तेव्हा परत कावून नाही आले? बाई येतील का, या बाबांच्या प्रश्नावर आई उठली अन् तिनं चूल पेटवली. सुमन, माझं घर तेव्हापासून इथं, भिलाईत आहे.