चाक वर ढकलून पाहणारा मिस्त्री

वाडीच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. माझ्या नातीला शर्यतीसाठी तिच्या डर्ट बाईकला दुसऱ्या मॉडेलचा मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लावायचा होता. त्याने सुतळीने मोजलं, लांबी जुन्या शॉकइतकीच भरली. बोल्टही बसले. तरी त्याने शॉक काढला, चाक हाताने दाबता यावं म्हणून त्यावरची स्प्रिंग उतरवली, तो तसाच पुन्हा लावला आणि चाक हातांनी पार वर ढकललं. टायर मडगार्डला घासला.

"गाडी उडी मारून आपटली का चाक इथंच अटकते," म्हणत तो सगळं सोडवू लागला.

"मी दुसरीकडून लावून घेईन," नात फणकारली.

"घे ना वं. पण आजीले सांगून जाजो."

नातीने जुना शॉक उचलून त्याच्या हातात दिला. दुपारभराचं काम स्वतःच्या हाताने सोडवणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही. जुन्या शॉकवर ती शर्यतीत शेवटून दुसरी आली. पण धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत घरी आली.