बोराएवढी चामखीळ

तिला सगळे पेन्सिलताई म्हणायचे. वडिलांच्या फोटो स्टुडिओत खिडकीशी तिरक्या फळीवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरून काढायचे, हे तिचं परकर नेसायची तेव्हापासूनचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्याला ना मुरूम उरायचा, ना सुरकुती. कॅमेऱ्यामागे मात्र आधी वडील, ते वारल्यावर दादा. बाईमाणसाने कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालू नये, असं काकांचं म्हणणं.

लढाई सुरू झाली आणि दादा सैन्यात गेला. काका म्हणाले, दादा येईपर्यंत स्टुडिओला कुलूप. ताईने देवाला हात जोडले, फडक्यात डोकं घातलं आणि आतूनच सांगितलं, "एक महिना बघा काका. नाही जमलं तर कुलूप मीच लावते."

महिना भरत आला आणि छावणीतून तीनशे ओळखपत्रांच्या फोटोंचं काम आलं. ताईने फोटो काढले झकास, पण जित्याची खोड! हात आपसूक पेन्सिलीकडे गेला. तीनशे जणांना तिने असं काही उजळलं की छावणीत जणू नवरदेवांची भरती झाली.

ओळखपत्रं वाटली त्याच दिवशी फाटकावर गोंधळ. पहारेकरी फोटो बघे, समोरचं तोंड बघे आणि कुणाला आत सोडेना. एका शिपायाच्या नाकावर बोराएवढी चामखीळ; फोटोत नाक गुळगुळीत. तो बिचारा सकाळपासून उन्हात उभा. साहेबांनी ताईला बोलावलं. मागोमाग काका निघाले, खिशात कुलूप घालून.

"बाई, याची चामखीळ कुठे गेली?" साहेबांनी विचारलं.

"पेन्सिलीखाली आहे, साहेब," ताई म्हणाली. "परवापर्यंत परत आणते."

पेन्सिल पुसता येते, एवढाच आधार होता. स्पिरिटचा बोळा घेऊन ती बसली. एकेक वण, तीळ, देवीचे व्रण वर येऊ लागले. देवा, तू दिलेलं मी काढलं होतं, आता जसंच्या तसं परत करते, असं पुटपुटत तिने तीनशेच्या तीनशे निगेटिव्ह पुसल्या आणि फोटो पुन्हा छापले.

सगळे फाटकातून आत गेले. चामखीळवाला मात्र जुना फोटो सोडेना. म्हणाला, "हा आईला पाठवतो. तिला मी असाच दिसतो."

मग काय, सगळ्यांनाच सुचलं. फाटकासाठी एक आणि घरासाठी एक, अशी दुप्पट मागणी आली. काकांचं कुलूप खिशातच राहिलं. त्याने खिसा फाटला, तो काकूंनी शिवला.

लढाई संपली. दादा परतला तो गालावर लांब वण आणि अधू पाय घेऊन. काका लगेच म्हणाले, आता हिला पेन्सिल, तुला कॅमेरा. ताई मुकाट्याने कॅमेऱ्यापासून बाजूला झाली. दादा मात्र गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसला.

"पेन्सिलताई, काढ माझा फोटो. वण राहू दे," तो म्हणाला. "आणि उद्यापासून ती खिडकीजवळची बैठक माझी. मला फार वेळ उभं राहवत नाही."

आठवड्याने काका कोट घालून आले आणि ताईसमोर ताठ बसले. हनुवटीखालच्या वळकट्यांवर हात ठेवून हळूच म्हणाले, "हे तेवढं जरा..."

ताईने फडक्यात डोकं घातलं.

"त्याचं खिडकीशी विचारा, काका. मी फक्त फोटो काढते."