अण्णा समोरच्या हॉटेलात का जातात

मंडळी, आज मी खरंच जळाले.

लातुरात माझा स्वतःचा एसीवाला कॅफे आहे. तरी दुपारी माझे वडील, अण्णा, समोरच्या रझियाचाचीच्या छोट्या हॉटेलात चहा पिताना दिसले. चाचीला काहीतरी सांगत खळखळून हसत होते. आई गेल्यापासून घरात ते असे हसले नाहीत.

मी तणतणतच गेले. "अण्णा, लेकीचा चहा आवडत न्हाई का?"

"तुझा बी चांगलाच हाय गं. पण तू कप ठेवतीस अन् पळतीस. चाची बसून ऐकती."

चाचीनं बाकड्यावर सरकून जागा केली. "बैठ बेटी. तुझ्या आईचंच सांगायलेत."

मी बसले. ती गोष्ट मला माहीतच नव्हती. चाचीला पाठ होती.

तुमच्या घरातल्यांचं बोलणं बाहेर कोण ऐकतंय, ठाऊक आहे तुम्हाला?