चऱ्होलीची डस्ट

भोसरीतल्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही अवकाशयानावर बसवायचं एक मायक्रोवेव्ह यंत्र तपासत होतो. लघुग्रहाच्या जमिनीतून निघणाऱ्या क्षीण लहरी पकडून ते पृष्ठभागाखालची ऊब सांगतं. त्यावरून तिथे भुसभुशीत धूळ आहे की कातळ, ते कळतं. चाचणीला तशी धूळ हवी होती. म्हणून मी स्कूटर काढली आणि चऱ्होलीपुढच्या खडी क्रशरवर गेले. तिथे दगडाच्या भुकटीला डस्ट म्हणतात.

क्रशरचे मालक साठीचे काका होते. त्यांनी विचारलं, "किती ब्रास?" एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट माल.

"पाच किलो."

"ताई, एवढ्यात उंबरा बी व्हायचा न्हाई!" म्हणत त्यांनी पिशवी भरून दिली.

पुढचे दहा दिवस फार वाईट गेले. भुकटी खोक्यात भरून वरून दिव्याने तापवली. आतला थर गार होता, पण यंत्र वरचंच तापमान दाखवत राहिलं. आम्ही केबल बदलल्या, अँटेना सोडवली, एकमेकांवर चिडलो. शेवटी दुसरी भुकटी मागायला मी पुन्हा काकांकडे गेले. ते स्वतः पाइप धरून ढिगावर पाणी मारत होते.

"हे रोज मारता?"

"व्हय. न्हाईतर धूळ उडती, लोकं वरडत्यात. तुमच्या पिशवीत बी वलीच गेली आसंल."

मी कपाळावर हात मारला. ओल असली की खालच्या लहरी वाटेतच जिरतात, हे मीच इतरांना शिकवते. वरून कोरडी दिसली म्हणून भुकटी तपासलीच नव्हती!

प्रयोगशाळेतली भट्टी नेमकी बंद होती. मग निगडीला घरी लोखंडी कढईत भुकटी भाजत बसले. नवरा कंपनीतून आला आणि कढईत डोकावला.

"शिरा?"

"लघुग्रह."

"बरं, मग मी खिचडी टाकतो," तो म्हणाला आणि कुकर शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर वरच्या आणि आतल्या तापमानाच्या दोन रेषा छान वेगळ्या झाल्या. मी काकांना मुद्दाम बघायला बोलावलं. लघुग्रहावरही अशीच डस्ट असते, हे त्यांना सांगितलं.

"तिथं एवढी डस्ट पाडली कुणी?"

"कुणी नाही. बारके दगड येऊन आदळतात. शिवाय ऊन आणि गारठ्याने खडक तडकतात."

"म्हंजे डिझेल न्हाई का लाइटबिल न्हाई!" काका खूश झाले. चहा पिता पिता त्यांनी तिथल्या दगडाबद्दल इतकं विचारलं, की निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. ते प्रश्न मी वहीत उतरवून घेतले.