बिनमातीचं झाड

दगडाबाई आमच्या मुकुंदवाडीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. बिडकीनकडची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तशा त्या मुलाकडे, सत्यमकडे आल्या. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. गुडघे धरून जिनाच चढायच्या.

२०१९च्या दुष्काळी उन्हाळ्यात सून प्रेरणा महिनाभराच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. जाताना तिने ऑर्किडची कुंडी सासूच्या हवाली केली. प्रेरणाची आई दिवाळीनंतर वारली होती. ही तिने लेकीला दिलेली शेवटची वस्तू.

"आत्याबाई, आठवड्यातनं एकदा पाणी. बाकी काही करू नका."

या घरात दगडाबाईंना पहिल्यांदाच कुणी जिवापाड जपलेलं काही सोपवलं होतं.

पाचव्या दिवशी एक फूल गळालं. मग रोज एक. नळाला दर आठव्या दिवशी पाणी यायचं, टँकरचं खारट असायचं. बाई आपल्या पिण्याच्या तांब्यातलं निम्मं कुंडीत ओतू लागल्या. तरी फुलं गळतच राहिली. प्रेरणा फोनवर झाड दाखवा म्हणायची, तर या "नेट नाय चालत" म्हणून फोन ठेवायच्या.

एका दुपारी कुंडी पदराखाली झाकून खालच्या मजल्यावर माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, चाळीस वर्षं कापूस पिकवला. बांधावर काडी खोवली तरी फुटायची. अन् हे हातातल्या हातात मरतंय."

कुंडीत नुसते झाडाच्या सालीचे तुकडे होते.

"माती कुठंय याला? उपाशी ठेवलंय लेकराला. सालपटं खाऊन कुणी जगतं व्हय?"

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ऑर्किडचं मला काही ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणायला जीभ वळली नाही. "माती तर लागणारच," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाई बसने बिडकीनला गेल्या. त्यांच्या शेताला आता तारेचं कुंपण होतं.

"आजी, काय चोरता?" वॉचमनने हटकलं.

"माझीच माती हाय. पिशवीभर नेते."

घरी येऊन त्यांनी साल फेकली, मुळं काळ्या मातीत दाबली, वरून पाणी घातलं.

दहा दिवसांत पानं पिवळी पडून बुडाशी लिबलिबीत झाली. तेव्हा कुठे मी रोपवाटिकेत चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, "सर, बहर संपला की याची फुलं गळतातच. झाड तेव्हा ठणठणीत असणार. याच्या मुळांना हवा लागते, चिकणमातीत ती सडतात. एखादं मूळ टणक असेल तर जगेल."

हे मी जिना चढून बाईंना सांगितलं.

"म्हंजी आधी बरं होतं ते?"

"हो. चूक माझी. माहीत नसताना बोललो."

"गुरुजी मान्सं तुम्ही. येत नाय म्हणता येत नाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

आम्ही झाड उपसून धुतलं. बाई एकेक मूळ चिमटीत धरून पाहत होत्या. एक माझ्यापुढे धरलं.

"हे कडक हाय नं?"

मी दाबून पाहिलं. "नाही."

"अन् हे?"

"नाही, दगडाबाई."

सगळी मुळं दोनदा तपासून झाली. मग त्या म्हणाल्या, "लावा पोरीला फोन. तोंड दिसतंय तसा."

प्रेरणा पडद्यावर आली. बाईंनी ते सडलेलं झाड तिच्यासमोर धरलं.

"तुझ्या आईचं झाड मी मारलं गं."

तिने फोन खाली ठेवला असावा. पडद्यावर फक्त पुण्याच्या खोलीचं छत दिसत होतं. बाईंनी झाड तसंच फोनपुढे धरून ठेवलं. मी झाड घ्यायला गेलो, त्यांनी दिलं नाही.